धाकल्याच्या चंचीतलं कार्ड

भिवंडीच्या एसटी स्टँडमागे माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, आणि अर्ज लिहून मिळतील. गेली चौदा वर्षं मी इथल्या लोकांच्या वस्तू हरवतो आहे. म्हणजे हरवतात त्यांच्याच; पण कुठे, कशा आणि किती वाजता, ते मी ठरवतो. रेशनकार्ड असो, मार्कशीट असो, नाहीतर सरकारी दवाखान्याचं कार्ड असो, 'प्रवासादरम्यान गर्दीचा फायदा घेऊन अज्ञात इसमाने' ही ओळ माझ्या हाताला अशी बसली आहे की बायकोने वाण्याची यादी लिहायला सांगितली तरी आधी तीच उमटेल. कोणाची कधी तक्रार नाही. लोक सही करतात, अंगठा देतात आणि वाटेला लागतात.

चौदा वर्षांत एकाच बाईने माझा अर्ज माझ्यासमोर टराटरा फाडला. तिचं नाव बायजाबाई.

पडघ्याच्या आतल्या अंगाला आमचं गाव आणि गावाच्या वर टेकडीला कातकरी वाडी. बायजाबाई तिथली. मी चड्डीत होतो तेव्हापासून तिला बघतोय. खेकडे, रानभाज्या, करवंदं असं काय काय घेऊन ती आमच्या दारात यायची. मी तिला अगंतुगं करतो, तीही मला अरेतुरे करते. ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, तेव्हा तिचा हक्क आहे. माझा काय हक्क आहे, ते मला अजून नीट सांगता यायचं नाही.

ती कशी आहे ते कळायला एक गोष्ट पुरे. माझ्या बहिणीचं, कमळचं लग्न होतं. चारशे पानं जेवणार होती आणि पत्रावळी सगळ्या बायजाबाईने टाचून आणल्या होत्या. पंगती उठत होत्या, बसत होत्या. आईने तिला मांडवामागे बोलावून फडक्यात भात, भाजी, चार जिलब्या बांधून दिल्या. ही रीतच होती, कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बायजाबाईने गाठोडं परत आईच्या हातात ठेवलं.

"पानं मी टाचली," ती म्हणाली. "खायाचा तं याच पानावर खाईन. न्हाय तं न्हाय."

आणि ती सरळ पंगतीत जाऊन माझ्या मामाशेजारी बसली. मामा पानावरून उठला. वाढप्याला कळेना वाढू की नको. बायजाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने निमूट वाढलं. तिने तीन जिलब्या सावकाश खाल्ल्या. मी फिदीफिदी हसत होतो, म्हणून आईने मला चिमटा काढला. आमच्या घरात अजून तिला 'आगाऊ' म्हणतात. बरीच वर्षं मीही म्हणत होतो.

तर ही बायजाबाई गेल्या भाद्रपदात, एका सोमवारी सकाळी माझ्या दुकानात आली. बरोबर तिची धाकटी मुलगी सरू. सरू एकोणीस वर्षांची. ती बाकड्यावर बसली आणि भिंतीला डोकं टेकून नुसती श्वास घेत राहिली. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. स्टँडपासून माझं दुकान शंभर पावलंही नाही.

सरूच्या काळजाची एक झडप खराब आहे, हे शाळेतल्या तपासणीतच कळलं होतं. पुढे कधीतरी ऑपरेशन लागेल, असं तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते. ते 'पुढे कधीतरी' यंदा वीटभट्टीवर आलं. डोक्यावर सहा विटा घेऊन चालताना ती खाली पडली. मग ठाण्याकडचा मोठा दवाखाना झाला, तपासण्या झाल्या आणि तारीख मिळाली. बुधवारी भरती, गुरुवारी ऑपरेशन. सगळं सरकारी योजनेतून. फक्त येताना सरूचं कार्ड आणायचं. ते नसेल तर तारीख रांगेतल्या पुढच्या माणसाला, आणि सरूचा नंबर पुन्हा दोन महिन्यांनी. डॉक्टरीणबाईंनी बायजाबाईला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की दोन महिन्यांचा भरवसा देता येत नाही.

"कार्ड नवीन कराया अर्ज लागतो म्हनतान," बायजाबाई म्हणाली. "खिडकीवरचा धनेश बोलला, पोलिसाचा शिक्का लागंल. लिवून दे."

"कुठे हरवलं?" मी पेन उचललं.

"हरवला न्हाय. धाकल्याचे चंचीत हाय."

धाकल्या म्हणजे तिचा नवरा. मी म्हणालो, "मग जाऊन घेऊन ये की."

"धाकल्या मातीत हाय," ती म्हणाली. "न् चंची त्याचे उशाला."

झालं होतं ते असं. ही माणसं दिवाळीनंतर भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. सहा महिने वाडीतल्या झोपडीला नुसता काटेरी झाप लावलेला. मागे ठेवलेला कागद उंदीर खाणार नाहीतर वाळवी. म्हणून घरातले मोलाचे कागद धाकल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आपल्या तंबाखूच्या चंचीत ठेवायचा आणि चंची कमरेला बांधायचा. आधारकार्डं तेवढी बायजाबाईच्या डब्यात असायची, कारण ती सारखी लागतात. यंदाच्या चैत्रात धाकल्या गेला. मेलेल्या माणसाची चंची उघडून बघायची नाही, ही त्यांच्या वाडीची रीत. त्यात तंबाखू, चुना, काय असेल ते वाटेत त्याला लागायचं. वाडीतल्या नामा भगताने चंचीची गाठ न सोडता ती त्याच्या उशाशी ठेवली, सगळ्यांनी माती लोटली. आत काय काय आहे, हे बायजाबाईच्या पाचव्या दिवशी लक्षात आलं. तोवर जे द्यायचं ते देऊन झालं होतं.

मी मनात म्हटलं, हे असलं कारण सरकारी कागदावर कोण घेणार? मी माझं नेहमीचं लिहिलं. वज्रेश्वरीहून भिवंडीला येताना एसटीत, गर्दीचा फायदा घेऊन, अज्ञात इसमाने. खाली अंगठ्याची जागा ठेवली आणि शाईचं पॅड पुढे केलं.

"वाच," ती म्हणाली.

असं कोणी म्हणत नाही. मी वाचलं. 'चोरी' या शब्दाला तिने हात वर केला.

"चोरी न्हाय लिवायची."

"अगं, नुसतं लिहायचं असतं. कोण बघतंय?"

"पोलीस बघतो. चोरी झाली म्हनला का त्यो इच्यारतो, चोर कोन? न् पयला आमचे वाडीवर येतो. गोदामातनं तार गेली तवा धाकल्याला न् महादूला उचलला. तीन दिस ठेवला. तार कोनी नेली व्हती? गोदामाच्याच डायवरनं. तवापासून धाकल्या डावे पायावर नीट उभा ऱ्हायला न्हाय. आता मीच जाऊन सांगू, चोरी झाली म्हनून?"

महादू म्हणजे तिचा दीर. ती तारेची गोष्ट मला ठाऊक होती. आमच्या गावातल्या सगळ्यांना ठाऊक होती, आणि तेव्हा कोणी टेकडी चढून विचारायला गेलं नव्हतं. मीही नाही.

"बरं बाई, 'हरवले' लिहितो. मग तर झालं?"

"कोनी हरवला?"

"धाकल्याने."

तिने कागद माझ्या हातातून घेतला आणि फाडला. आधी उभा, मग आडवा. तुकडे माझ्याच टेबलावर नीट ठेवले.

"धाकल्यानं जलमात काय हरवला न्हाय," ती म्हणाली. "भट्टीवर झोपडी जलली, पोरांचे कपडे जलले, तांदूल जलला. कागद न्हाय जलला, त्याचे कमरंला व्हता. पानी आला तं चंची डोक्यावर बांधून नदी उतरला. न् आता त्यो मेला तं त्याचे नावावर लिवायचा, यानं हरवला?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. झेरॉक्स मशीन अडकलं होतं. माझं डोकं फिरलं आणि मी बोलून गेलो, "मग जा, उकर आणि काढ! सगळ्यांचं काम होईल."

सरूने डोळे उघडले. पुढे मला कळलं की महादू खरोखरच कुदळ घेऊन निघाला होता, पुतणीच्या जिवासाठी, आणि बायजाबाई त्या मातीवर जाऊन बसून राहिली होती. कुदळ चालवायची तर आधी माझ्यावर चालव, असं तिने त्याला सांगितलं होतं.

"हितेश," ती मला म्हणाली, "मेल्या मानसाला दिला ता परत मांगायचा न्हाय. सरकार काय मेला हाय? त्यो जिता हाय ना? मंग मी त्याचेकडनं मांगीन."

मला लाज वाटली. पण रागही गेला नव्हता. मी नवीन कागद घेतला आणि म्हणालो, "सांग. तू सांगशील तसंच लिहितो. मग बघू कोण शिक्का मारतो ते."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. माझा नवरा धाकल्या चैत्रात वारला. आमच्या रीतीप्रमाणे त्याची चंची त्याच्यासोबत पुरली. तीत माझी मुलगी सरू हिचं कार्ड होतं. ते चोरीला गेलेलं नाही आणि हरवलेलंही नाही. ते कुठे आहे ते आम्हाला ठाऊक आहे. ते आम्ही काढणार नाही. सरूला नवीन कार्ड द्यावं. खाली तिने अंगठा दिला, असा दाबून की शाई कडेने बाहेर आली.

मी दुकान बंद करून तिच्याबरोबर गेलो. मदतीला गेलो असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण खरं ते सांगतो. मी तिची फजिती बघायला गेलो होतो.

भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात योजनेच्या खिडकीपुढे तीसेक माणसं होती. कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या बाया, रात्रपाळी करून आलेले कारागीर, कोणाच्या नाकात नळी. आमचा नंबर लागेतो दुपार झाली. खिडकीत धनेश होता. मला तो चांगला ओळखतो, महिन्याला माझे पन्नासेक अर्ज त्याच्याकडे जातात. त्याने कागद वाचला, परत वाचला, आणि मागच्या टेबलाकडे वळून मोठ्याने हसला.

"हितेशभाऊ, हे काय आणलंत? पुरलं म्हणे!" मग बायजाबाईकडे बघून, "ए बाई, असं कारण चालत नाही. कॉम्प्युटरवर तीनच कारणं आहेत. हरवलं, चोरीला गेलं, खराब झालं. यातलं एक सांग आणि पोलिसांचा शिक्का घेऊन ये."

"तुज्या यादीत न्हाय म्हंजे घडलाच न्हाय काय?"

"यादी मी केलेली नाही."

"मंग ज्यानं केली त्याला बलव."

धनेशने कागद खिडकीबाहेर सरकवला. बायजाबाईने तो परत आत सरकवला. असं तीनदा झालं. मग ती खिडकीसमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"तुला जुनाच कार्ड पायजे ना?" ती म्हणाली. "मंग चल. कुदल मी देते, खनायचा तू. नामा भगताला बरबर घे, त्यो सांगंल काय काय लागंल ता. धाकल्याला तू तुज्या तोंडानं सांग, का मी सरकारचा मानूस, तुजे उशाखालचा कार्ड न्यायाला आलो. त्यो देल तं घेऊन ये. मी हितंच बसते."

धनेशचं हसू गेलं. भिवंडीत वाढलेला मुलगा, पण आजोळ अकलोलीचं, भगत म्हणजे काय ते त्याला बरोबर ठाऊक होतं. "तसं नाही मावशी," तो म्हणाला. ए बाईची एका क्षणात मावशी झाली.

मागे रांगेत कुजबुज सुरू झाली होती. बुरखा घातलेली एक लूमवाली पुढे येऊन म्हणाली, "अरे भाई, सच बोल रही है तो शिक्का चाहिए, और झूठ लिख के लाते हैं तो चलता है? बच्ची का मुँह तो देखो." कोणीतरी सरूला खुर्ची दिली. कोणीतरी पाणी दिलं. 'साहेबांना बोलवा' असा गलका झाला, आणि आतून ज्या आल्या त्या साहेब नव्हत्या, रीमा मॅडम होत्या. या खिडकीच्या प्रमुख. महिन्याभरापूर्वीच बदलून आलेल्या.

त्यांनी खिडकीतून वाकून सगळं ऐकलं. अर्ज शेवटपर्यंत वाचला. हसल्या नाहीत.

"मावशी, तुमच्या मुलीचं आधार आहे?"

बायजाबाईने डबा उघडून दिलं.

"मग झालं. कार्डाचा नंबर यातून निघतो. कार्ड म्हणजे नुसता कागद, तो परत छापायचा." मग त्या धनेशकडे वळल्या. "पोलिसांचा शिक्का कोणी सांगितला?"

धनेशने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"सगळे घेऊनच येतात मॅडम," तो म्हणाला. "म्हणून मागतो."

चौदा वर्षं. तो मागतो म्हणून मी लिहीत होतो आणि मी लिहीत होतो म्हणून तो मागत होता. किती बायका लूम बुडवून पोलीस चौकीच्या बाकावर बसल्या असतील, त्याचा हिशेब मला करायचा नाही. मला कानकोंडं झालं, आणि बायजाबाईने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही, याचं जास्त लागलं.

सरूचा अंगठा यंत्राला पटेना. विटांनी बोटांवरच्या रेषा घासून गेल्या होत्या. मोबाइलवर ओटीपी पाठवावा तर नोंदवलेला मोबाइल धाकल्याचा, कधीच बंद झालेला. धनेश "आता काय?" म्हणतोय तोवर रीमा मॅडमनी स्वतःचा फोन काढला, सरूचा चेहरा त्यात धरला आणि म्हणाल्या, "बाळ, डोळे मिचकाव." सरूने मिचकावले. पाच मिनिटांत कार्ड छापून बाहेर आलं. कारणाच्या जागी धनेशने मुकाट्याने 'इतर' असा चौथा रकाना उघडला. तो होताच. त्यात रीमा मॅडमनी त्याला टाइप करायला लावलं, 'वडिलांच्या पार्थिवासोबत पुरले.'

बायजाबाईने ते मॅडमकडून वाचून घेतलं, मगच कार्ड हातात घेतलं. ती आता जिंकल्यासारखी हसेल, मला टोमणा मारेल, असं मला वाटत होतं. तिने मॅडमना एकच गोष्ट विचारली.

"यातला पैसा सरूवर खर्च झाला, तं मागं किती ऱ्हातो?"

"पाच लाख असतात मावशी, सगळ्या घराला मिळून. सरूचे जातील ते जातील. पुढच्या वर्षी परत नव्याने पाच लाख."

"फुडच्या सालाला परत?"

"दर वर्षी."

"न् सगल्या घराला? घरातला मोटा मानूस पन?"

"सगळ्यांना."

बायजाबाईने कार्ड डब्यात ठेवलं. रांगेतल्या बाया तिला शाबासकी देत होत्या, ती सरूला धरून बाहेर पडली. स्टँडवर पडघ्याची गाडी अजून लागली नव्हती. मी चहा आणून दिला, तेव्हा कपाकडे बघत तिने मला सांगितलं.

धाकल्याची छाती माघापासून दुखत होती. रात्री उठून बसायचा. डावा हात धरायचा. ती म्हणायची, चल दवाखान्यात, कार्ड कमरेला हाय. तो म्हणायचा, या कार्डात पाच लाख एकदाच येतात. माझ्यावर खर्च झाले तर सरूला काय उरणार? तिचं काळीज कोण दुरुस्त करणार? तिने भांडून पाहिलं. महादूला सांगून पाहिलं. तो हलला नाही. दोन महिने दुखणं काढलं आणि चैत्रात, भट्टीवरून वाडीत उचलून आणलं त्याच खाटेवर, कार्ड कमरेला असताना तो गेला. मातीत ठेवताना चंचीची गाठ कोणी सोडली नाही आणि त्याने पोरीसाठी राखून ठेवलेलं त्याच्याबरोबरच गेलं.

"तू लिवत व्हतास, यानं हरवला," ती म्हणाली. एवढंच. मला आयुष्यात कोणाची माफी मागावीशी वाटली असेल तर ती त्या वेळी, पण गाडी आली.

गुरुवारी सरूचं ऑपरेशन झालं. चौदाव्या दिवशी तिला सोडलं, तेव्हा मी माझ्या भाच्याची गाडी घेऊन आणायला गेलो. वाडीपर्यंत गाडी जात नाही. टेकडीच्या पायथ्याशी उतरलो. मी सरूला म्हणालो, सावकाश, दर वीस पावलांनी बस. ती दोनदा बसली, तेही आईने दटावलं म्हणून. तिचे ओठ ओठांच्या रंगाचे होते. वर पोहोचली तेव्हा दम मलाच लागला होता.

झोपडीकडे न वळता बायजाबाई तिला घेऊन पलीकडे गेली. तिथे करंजाच्या झाडाखाली धाकल्याची माती आहे, वर दगड रचलेले. मी मागेच उभा राहिलो. मला वाटलं आता ती रडेल. सगळ्यांनाच तसं वाटलं, महादू पुढे झाला तिला धरायला.

ती रडली नाही. तिने सरूला दगडांपाशी उभी केली आणि ती त्याच्यावर ओरडली, भांडणात ओरडतात तशी, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी.

"बघ, पोरगी चालत आली! आयकतोस ना? दर सालाला भरतो त्यो. दर सालाला नवीन भरतो, धाकल्या! तू उगाच मेलास!"